नियमसंहिता आणि निवेदनाधिकार : भूमिकाखेळाच्या रूपबंधाचा विचार

१

‘रोलप्लेइंग गेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाची सामग्री अगदी मोजकी असते. टेबलाभोवती बसलेली चार-पाच माणसे, कागद, पेन्सिली, काही फासे आणि एक नियमपुस्तक एवढ्यावर तो तीन-चार तास चालतो. त्यात एक जण सूत्रधाराचे काम करतो. बाकीचे प्रत्येकी एका कल्पित पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार परिस्थितीचे वर्णन करतो, खेळाडू आपापले पात्र काय करते ते सांगतात आणि जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासा टाकून निर्णय होतो. या देवघेवीतून एक कथा आकाराला येते. ती कोणी आधी लिहिलेली नसते. आणि खेळ संपल्यावर ती कोठे लिहून ठेवलेलीही नसते.

साहित्याच्या अभ्यासकाची अडचण येथूनच सुरू होते. या व्यवहारात संहिता कशाला म्हणावे? नियमपुस्तक छापील असते, परंतु त्यात कथा नसते. सूत्रधाराच्या टाचणांत स्थळे, पात्रे आणि संभाव्य संकटे असतात, परंतु घटना नसतात. घटना असतात त्या केवळ प्रत्यक्ष बोलण्यात, आणि ते बोलणे विरून जाते. म्हणजे जे टिकते ते कथा नव्हे, आणि जी कथा आहे ती टिकत नाही. मग या कथेचा कर्ता कोण? नियम रचणारा, सूत्रधार, खेळाडू की फासा?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. ‘रोलप्लेइंग गेम’साठी येथे ‘भूमिकाखेळ’ ही संज्ञा योजली आहे. ‘गेम मास्टर’ किंवा ‘डन्जन मास्टर’ या पदांसाठी ‘सूत्रधार’ हा नाट्यपरंपरेतील शब्द वापरला आहे. मात्र नाटकातील सूत्रधाराला पुढे काय घडणार हे ठाऊक असते, येथील सूत्रधाराला ते ठाऊक नसते, हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. कथेच्या जगात अमुक एक गोष्ट घडली असे सांगण्याचा, आणि सांगितलेले इतरांनी मान्य करण्याचा जो अधिकार, त्याला ‘निवेदनाधिकार’ म्हटले आहे. भूमिकाखेळाचे नियम रचणे म्हणजे या निवेदनाधिकाराची वाटणी करणे होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

भूमिकाखेळाचा उगम वाङ्मयात नसून युद्धाच्या शिक्षणात आहे. प्रशियाच्या तोफखान्यातील अधिकारी राइस्वित्झ याने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ म्हणजे ‘युद्धखेळ’ या नावाची नियमावली प्रसिद्ध केली. १ : ८००० या प्रमाणातील नकाशावर हा खेळ चाले, त्यातील प्रत्येक डाव प्रत्यक्ष लढाईतील दोन मिनिटांचा मानला जाई. दोन्ही पक्षांचे अधिकारी आपले हुकूम लिहून पंचाकडे देत. पंच त्या हुकमांची अंमलबजावणी करी, तोफांच्या माऱ्याचा परिणाम फासे टाकून ठरवी आणि शत्रूच्या ज्या तुकड्या खरोखरीच दृष्टीस पडतील तेवढ्याच नकाशावर मांडी. प्रशियाचा तत्कालीन सेनाप्रमुख म्यूफलिंग याने या खेळाचे मोकळेपणाने कौतुक केले.

या रचनेतील पंचाचे स्थान महत्त्वाचे आहे. खेळाडूला जगाचे ज्ञान होते ते पंचाच्या मुखातून. कोणाला काय दिसते, कोणता हुकूम उशिरा पोहोचतो, कोणती बातमी खोटी ठरते, हे सारे पंच सांगतो. म्हणजे न्यायनिवाड्याच्या निमित्ताने तो निवेदन करू लागलेला आहे. पुढे नियमांचा आणि कोष्टकांचा भार वाढला तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नवा या प्रशियन सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर विसंबणाऱ्या मुक्त युद्धखेळाचा पुरस्कार केला. नियम श्रेष्ठ की पंचाचा विवेक, हा भूमिकाखेळातील आजचाही वाद. त्याचे मूळ असे एकोणिसाव्या शतकात सापडते.

युद्धखेळाचे भूमिकाखेळात रूपांतर झाले ते अमेरिकेत. मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस–सेंट पॉल या जोडशहरांत युद्धखेळांची आवड असणाऱ्यांची एक मंडळी होती. त्यांपैकी डेव्हिड वेसली याने १९६९ मध्ये नेपोलियनकालीन एका कल्पित जर्मन गावावर खेळ बेतला. गावाचे नाव ब्राउनश्टाइन. नेहमीप्रमाणे सैन्याच्या तुकड्या न देता त्याने काही खेळाडूंना एकेका व्यक्तीची भूमिका दिली. लढाई सुरू होण्यापूर्वीच खेळाडू आपापसांत कारस्थाने करू लागले, वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन मसलती करू लागले. दोघांनी तर परस्परांना द्वंद्वाचे आव्हान दिले. द्वंद्वासाठी नियम नव्हते, तेव्हा वेसलीला ते जागच्या जागी रचावे लागले. खेळ फसला असे त्याला वाटले. खेळाडूंनी मात्र असाच खेळ पुन्हा मागितला. एका व्यक्तीच्या वतीने बोलण्याची मुभा मिळताच खेळाडूला लढाई जिंकण्यापेक्षा त्या व्यक्तीचे आयुष्य अधिक मोलाचे वाटू लागते, ही गोष्ट या अनपेक्षित प्रसंगातून प्रथम उघड झाली.

त्याच मंडळीतील डेव्ह आर्नेसन याने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाचे कल्पित जग उभे केले. एक किल्ला, त्याखालची भुयारे, आणि त्या भुयारांत उतरणारी पात्रे. येथे दोन नव्या गोष्टी आल्या. एक म्हणजे पात्र एका बैठकीपुरते राहिले नाही. ते पुढील बैठकीत आपला अनुभव, आपल्या जखमा आणि आपली संपत्ती घेऊन परत येऊ लागले. दुसरी म्हणजे खेळाला जिंकण्याचा शेवट उरला नाही. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्स याने जेफ पेरन याच्यासह ‘चेनमेल’ (१९७१) ही मध्ययुगीन लढायांची नियमावली लिहिली होती आणि तिला अद्भुताची पुरवणी जोडली होती. आर्नेसनची कल्पना आणि गायगॅक्सची नियमरचना यांच्या संयोगातून १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा तीन पुस्तिकांचा संच प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या केवळ १००० प्रती होत्या. या संचाच्या मुखपृष्ठावर ‘भूमिकाखेळ’ हा शब्द नव्हता. कागद, पेन्सिल आणि छोट्या प्रतिमा यांच्या साहाय्याने खेळावयाचा युद्धखेळ अशीच त्याची ओळख करून दिलेली होती. सूत्रधारासाठीही ‘रेफरी’, म्हणजे पंच, हाच शब्द होता. नवा प्रकार जन्मास आला, परंतु त्याचे नाव त्याच्या कर्त्यांनाही अद्याप सापडलेले नव्हते.

३

नियम हे केवळ खेळ चालविण्याचे साधन आहे, कथेचा आशय सूत्रधार आणि खेळाडू पुरवितात, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. बारकाईने पाहता तो टिकत नाही. नियम काय मोजतात आणि कशाचे बक्षीस देतात, यावरून कथेचे आशयसूत्र बऱ्याच अंशी निश्चित होते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या मूळ नियमांत पात्राला सहा गुण असतात : बळ, बुद्धी, शहाणपण, सहनशक्ती, चपळाई आणि व्यक्तिमत्त्वाची छाप. प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज घ्यावयाची. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी १८ ही बेरीज फक्त एका शक्यतेत येते. उलट १० किंवा ११ येण्याच्या शक्यता ५४ आहेत, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश. साहजिकच बहुतेक पात्रे सामान्य निघतात. खेळाडूला वीरनायक दिला जात नाही; एक साधारण माणूस दिला जातो आणि तो वीर ठरतो की पहिल्याच भुयारात मरतो, हे पुढे कळते. अशा कथेत वीरत्व हा पात्राचा जन्मसिद्ध गुण नसतो, तो अखेरीस लागलेला निकाल असतो.

अनुभवाचे गुण देण्याची पद्धत याहून बोलकी आहे. मूळ नियमांत भुयारातून बाहेर आणलेल्या संपत्तीबद्दल अनुभवगुण मिळत, आणि राक्षसांना मारून मिळणाऱ्या गुणांच्या तुलनेत ते पुष्कळच अधिक असत. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळी. चकवा देणे, लाच देणे, पळून जाणे हे मार्ग त्याला अधिक किफायतशीर वाटत. पुढे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत संपत्तीचे अनुभवगुण ऐच्छिक झाले आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत संकटांवर, मुख्यतः लढाईत, मात करण्यावर भर आला. तेच भुयार, तेच राक्षस, तीच पात्रे; परंतु कथा चोरांची होती ती योद्ध्यांची झाली. हा बदल कोणा सूत्रधाराने केलेला नाही. तो बक्षिसाच्या नियमाने केलेला आहे.

सँडी पीटरसन याने रचलेला ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१) या खेळात तर एक नियमच संपूर्ण जीवनदृष्टी वाहून नेतो. एच. पी. लव्हक्राफ्ट याच्या भयकथांवर आधारलेल्या या खेळात प्रत्येक पात्राला ‘मानसिक संतुलना’चा आकडा असतो. भयानक गोष्ट दिसली की फासा टाकावयाचा. तो फसला की आकडा घटतो. याशिवाय विश्वामागील गूढ शक्तींचे ज्ञान हेही एक कौशल्य म्हणून मोजले जाते, आणि संतुलनाची कमाल मर्यादा ९९ मधून हे ज्ञान वजा करून मिळते. जितके अधिक कळावे तितकी शहाणे राहण्याची मर्यादा खाली यावी! सत्याचे ज्ञान माणसाला उद्ध्वस्त करते, हे आशयसूत्र येथे संवादातून वा वर्णनातून मांडलेले नाही. ते एका वजाबाकीत आहे. खेळाडू ते वाचत नाही, आपल्या हाताने कागदावरचा आकडा खोडताना ते अनुभवतो.

फाशाच्या निवडीलाही असाच अर्थ असतो. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, पाच टक्के. तेथे दैव लहरी असते. अव्वल योद्धाही हास्यास्पद रीतीने चुकू शकतो. दोन किंवा तीन फाशांची बेरीज घेतली की मधले आकडे वारंवार येतात आणि जग अधिक भरवशाचे वाटू लागते. ‘ट्रॅव्हलर’ (१९७७) या अंतराळखेळात तर पात्राचे पूर्वायुष्यच फाशांनी घडविले जाते; मूळ नियमांप्रमाणे ते पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच, आपल्या नोकरीच्या काळात, मरूही शकते. ज्याची कथा सुरूच झाली नाही अशा माणसाचा मृत्यू ही कल्पना कादंबरीकाराला सहज सुचणारी नव्हे.

४

नियम कितीही काटेकोर असोत, खेळ चालविणे ही वेगळी कला आहे. तिचे स्वरूप कळण्यासाठी एक साधा प्रसंग कल्पून पाहावा. रात्रीची वेळ आहे; तीन पात्रांना किल्ल्यात शिरावयाचे आहे; दरवाज्यावर एक म्हातारा पहारेकरी आहे. सूत्रधाराने टाचणात लिहून ठेवले आहे ते इतकेच : ‘पहारेकरी. सावध. शिंग फुंकल्यास दहा शिपाई येतात.’ पहिला खेळाडू म्हणतो, भिंतीवरून चढू. दुसरा म्हणतो, त्याला बाण मारू. तिसरा विचारतो, ‘त्याच्या पायांत काय आहे?’

सूत्रधाराने याचा विचार केलेला नाही. तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘फाटक्या वहाणा. थंडीने पाय काळेनिळे पडले आहेत.’ खेळाडू आपल्या पात्राच्या पायांतील जोडे काढतो आणि पहारेकऱ्यापुढे ठेवतो. आता पहारेकरी ‘सावध’ एवढाच राहिलेला नाही. त्याला पाय आहेत, थंडी वाजते, आणि त्याला जोडे न देणारा एक मालक किल्ल्यात आहे. या तीन गोष्टी कोणाच्याही टाचणात नव्हत्या. प्रश्न खेळाडूचा, उत्तर सूत्रधाराचे, आणि अर्थ दोघांच्या मधोमध निर्माण झालेला.

येथे सूत्रधारापुढे तीन निर्णय उभे राहतात. पहिला, फासा टाकावयाचा की नाही. पहारेकरी जोडे स्वीकारील याविषयी शंका उरली नसेल तर फासा टाकणे व्यर्थ होय. दोन्ही शक्यता खऱ्या असतील आणि दोन्हींतून कथा पुढे जाणार असेल, तेव्हाच फाशाला काम द्यावे. दुसरा, माहिती किती द्यावी. भूमिकाखेळात रहस्य राखण्यापेक्षा उलगडण्याकडे कल असलेला सूत्रधार बहुधा अधिक यशस्वी ठरतो; कारण जे खेळाडूला ठाऊकच नाही त्याच्याविषयी त्याला निर्णय घेता येत नाही, आणि निर्णय हाच या प्रकाराचा प्राण आहे. तिसरा निर्णय नैतिक स्वरूपाचा आहे. फासा टाकला, तो प्रतिकूल पडला, आणि त्यामुळे सर्वांच्या आवडीचे एक पात्र मरणार आहे. सूत्रधाराचे फासे पडद्याआड असतात. त्याने आकडा खोटा सांगावा काय?

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु या प्रकाराचा सारा पेच त्यात साठलेला आहे. आकडा खोटा सांगून सूत्रधार त्या रात्रीची कथा वाचवितो. मात्र त्यानंतरच्या प्रत्येक विजयातील सत्य तो हिरावून घेतो. मरू शकत नसलेल्या पात्राचे धैर्य हे धैर्यच नव्हे. उलट, नियमाचा शब्द पाळून कथेचा विरस करणारा सूत्रधारही खेळाडूंचा विश्वास गमावतो. अनेक सूत्रधारांनी यावर काढलेला तोडगा साधा आहे : ज्याचा परिणाम स्वीकारण्याची तयारी नाही तो फासा टाकूच नये, आणि टाकला तर सर्वांसमक्ष टाकावा.

हाच पेच प्रकाशित साहसकथांतही उतरलेला दिसतो. ‘टूम ऑफ हॉरर्स’ या गायगॅक्सच्या साहसाचा पहिला सार्वजनिक खेळ १९७५ च्या ‘ओरिजिन्स’ या मेळाव्यात झाला आणि ते १९७८ मध्ये छापून निघाले. त्यात कथानक असे नाही. सापळ्यांनी भरलेले एक थडगे आहे. खेळाडूंनी कोठेही जावे, काहीही करावे. चुकले तर मरावे. त्याच्या दुसऱ्या टोकाला १९८४ मध्ये सुरू झालेली ‘ड्रॅगनलान्स’ ही मालिका आहे. तिच्यात महाकाव्याच्या थाटाचे कथानक आधीच आखलेले होते, पात्रे ठरलेली होती, आणि त्याच वर्षी मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्याही निघू लागल्या. पुढील भागांत लागणारे पात्र मध्येच मेले तर त्याचा मृत्यू संदिग्ध ठेवावा, प्रेत सापडू देऊ नये, अशी सूचना सूत्रधाराला दिलेली होती. म्हणजे एका रचनेत स्थळ आधी लिहिलेले आणि कथा मोकळी. दुसरीत कथा आधी लिहिलेली आणि खेळाडू तिच्यातील प्रवासी. खेळाडूंच्या बोलीत या दुसऱ्या प्रकाराला आगगाडीच्या रुळांची उपमा देतात, आणि ती उपमा निंदाव्यंजक आहे.

तथापि ‘ड्रॅगनलान्स’ला केवळ दोष देऊन भागणार नाही. केवळ थडगी लुटण्यात ज्यांना रस उरला नव्हता अशा खेळाडूंना प्रेम, विश्वासघात आणि श्रद्धा यांची कथा हवी होती, आणि ती मागणी खरी होती. तिचे उत्तर आधी लिहिलेल्या कथानकात शोधले गेले, एवढीच त्यातील चूक.

५

१९९० नंतरचा नियमरचनेचा इतिहास हा या मागणीला दुसरे उत्तर शोधण्याचा इतिहास आहे. १९९१ मध्ये मार्क राइन-हेगन याचा ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात सूत्रधाराला ‘स्टोरीटेलर’, म्हणजे कथेकरी, असे नाव दिले गेले आणि पात्राच्या माणुसकीचा आकडा मोजला जाऊ लागला. त्याच वर्षीच्या एरिक वुजिक याच्या ‘ॲम्बर’ या खेळात फासा पूर्णपणे वगळलेला होता. दोन्हींत कथेला प्राधान्य मिळाले. परंतु निवेदनाधिकार पूर्वीप्रमाणेच, किंबहुना पूर्वीहून अधिक, सूत्रधाराच्या हाती राहिला. पंच जाऊन कथेकरी आला, पण श्रोते श्रोतेच राहिले.

वाटणीचा प्रश्न थेट हाताळला गेला तो पुढील दशकांत. जेसन मॉर्निंगस्टार याच्या ‘फियास्को’ (२००९) या खेळात सूत्रधारच नाही. ज्याची पाळी आली त्या खेळाडूने निवडावयाचे : प्रसंगाची मांडणी आपण करावयाची की प्रसंगाचा शेवट आपण ठरवावयाचा. त्याने मांडणी घेतली तर शेवट इतरांचा. शेवट घेतला तर मांडणी इतरांची. आरंभ आणि शेवट या कथनाच्या दोन अधिकारांची अशी स्वच्छ फारकत कथामीमांसेच्या ग्रंथांतही क्वचितच आढळेल.

व्हिन्सेंट बेकर आणि मेगी बेकर यांच्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ (२०१०) या खेळाने सूत्रधार ठेवला, परंतु त्याला नियमांनी बांधून घेतले. येथे सूत्रधार फासा टाकतच नाही. त्याने काय बोलावे, केव्हा संकट आणावे, कोणती तत्त्वे पाळावीत, हे सारे खेळाडूंच्या नियमांइतक्याच स्पष्टपणे लिहिलेले आहे. आणि पुढे काय घडणार हे आधी ठरविण्यास त्याला मज्जाव आहे. खेळाडू दोन फासे टाकून त्यांत पात्राच्या गुणाचा आकडा मिळवितो. बेरीज १० किंवा अधिक झाली तर पूर्ण यश. ७ ते ९ झाली तर यश, पण किंमत देऊन. ६ किंवा कमी झाली तर सूत्रधार आपली चाल करतो. गुणाचा आकडा शून्य धरला तर ३६ शक्यतांपैकी ६ पूर्ण यशाच्या, १५ किंमत देऊन मिळणाऱ्या यशाच्या आणि १५ अपयशाच्या. गुणाचा आकडा एकने वाढला की या संख्या अनुक्रमे १०, १६ आणि १० होतात, आणि मधला निकालच सर्वाधिक संभाव्य ठरतो. जे हवे ते मिळते, पण काही गमावून : नाट्याचे मूलद्रव्यच जणू या मधल्या निकालात साठविलेले आहे. संघर्ष निर्माण करण्यासाठी आधी लिहिलेल्या कथानकाची गरज नाही; संघर्ष उपजविणारा नियम पुरेसा आहे, हे या खेळाने दाखवून दिले.

अधिकाराच्या वाटणीला आणखी एक बाजू आहे. कथा सर्वांची असेल तर तिच्यात काय येऊ नये हे सांगण्याचा अधिकारही सर्वांचा असावयास हवा. वाचक पुस्तक मिटू शकतो, प्रेक्षक उठून जाऊ शकतो. टेबलाभोवती बसलेल्या खेळाडूला मात्र मित्रांसमोर उठून जाणे जड जाते. म्हणून कोणते विषय मुळीच नकोत आणि कोणते केवळ सूचित करावेत, हे खेळापूर्वी ठरविण्याची, अथवा टेबलावर एक पत्ता ठेवून त्याला स्पर्श होताच कारण न विचारता तो विषय सोडून देण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत रूढ होत गेली. काही जाणकारांना यात कलेचा संकोच दिसतो. वस्तुतः ही शिष्टाचाराची बाब नसून रूपबंधाची आहे. जेथे आस्वादकच कर्ता असतो तेथे त्याची संमती ही निर्मितीची पूर्वअट ठरते.

६

या प्रकारातील आनंदाचे स्वरूप कोणते? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन याने ‘शेअर्ड फँटसी’ (१९८३) या ग्रंथात असे दाखविले, की टेबलाशी बसलेला मनुष्य एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरत असतो : तो एक सामान्य व्यक्ती असतो, नियम जाणणारा खेळाडू असतो आणि कथेतील पात्रही असतो. एकाच दमात तो चहा मागतो, फाशाचा हिशेब करतो आणि राक्षसाला आव्हान देतो. या पातळ्यांमधील ये-जा हा खेळातील व्यत्यय नसून त्याचा स्वभावच आहे.

भारतीय रसविचाराच्या दृष्टीने ही स्थिती विलक्षण म्हणावी लागेल. नटाला ‘पात्र’ म्हणावयाचे ते तो रसाचे भांडे असतो म्हणून. भांडे स्वतः रस चाखत नाही, चाखणारा तो सहृदय प्रेक्षक, अशा आशयाचे विवेचन अभिनवगुप्ताने केले आहे. भूमिकाखेळात पात्र आणि सहृदय एकाच देहात असतात. शिवाय ‘पात्रा’चा मृत्यू फाशावर अवलंबून असल्याने भय हे केवळ साधारणीकृत उरत नाही, गमावण्यासारखे काहीतरी खेळाडूचे स्वतःचे असते. महिनोन्महिने सांभाळलेला तो एक कागद असतो. तेव्हा रसास्वादाला आवश्यक मानलेले ताटस्थ्य येथे पूर्णपणे नाही. परंतु ते मुळीच नाही असेही नव्हे. फाइनने सांगितलेल्या तीन पातळ्या हेच त्या ताटस्थ्याचे साधन आहे : पात्र मरते तेव्हा खेळाडू हळहळतो, आणि त्याच वेळी, मरण किती छान साधले, असेही म्हणतो.

संहितेवाचून उभे राहणारे कथन मराठी रसिकाला अपरिचित नाही. कोकण-गोव्यातील दशावतारी नाटकात संवाद लिहिलेले नसतात. आख्यानाची रूपरेषा ठरते आणि नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे बोलतात. साम्य उघड आहे, पण भेद अधिक उद्बोधक आहे. दशावतारात बोलणे मोकळे असते, आख्यान बांधलेले. राक्षसाचा वध होणार हे नटाला आणि प्रेक्षकाला सारखेच ठाऊक असते. भूमिकाखेळात आख्यानही मोकळे असते. दशावतारी नट कसे घडते ते शोधतो. भूमिकाखेळाचा खेळाडू काय घडते तेही शोधतो. आणखी एक भेद असा, की दशावताराला प्रेक्षक असतो. भूमिकाखेळाला तो कित्येक वर्षे नव्हता. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमापासून व्यावसायिक आवाज-अभिनेत्यांचा खेळ इंटरनेटवरून लक्षावधी लोक पाहू लागले. त्यामुळे हा प्रकार सर्वदूर पोहोचला. त्याचबरोबर, स्वतःसाठी बोलणे आणि पाहणाऱ्यासाठी बोलणे यांतील अंतरही प्रथमच डोळ्यांत भरू लागले.

खेळाचे शब्दशः टिपण केले तर ते वाचनीय होत नाही, असा आक्षेप या प्रकाराच्या वाङ्मयीन योग्यतेवर घेतला जातो. आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. लांबण, पुनरुक्ती, विनोद, नियमांची चर्चा यांनी ते टिपण भरलेले असते. परंतु यावरून कथा सामान्य होती असे सिद्ध होत नाही. ती वाचकासाठी नव्हती एवढेच सिद्ध होते. जोडे काढून पहारेकऱ्यापुढे ठेवण्याचा प्रसंग कथासंग्रहात कदाचित भाबडा वाटेल. टेबलाशी तो भाबडा नसतो, कारण तेथे बाण मारण्याचा पर्याय खरोखरीच उपलब्ध होता आणि कोणीतरी तो नाकारला.

७

कर्तृत्वाचा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. तो न्यायालयातही गेला होता. १९७७ ते १९७९ या काळात ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पुस्तके गायगॅक्सच्या नावावर निघाली तेव्हा, हा मूळ खेळाचाच विस्तार आहे, अशा भूमिकेतून आर्नेसनने १९७९ मध्ये प्रकाशक कंपनीवर दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली. पुस्तके कोणी लिहिली हे सांगणे सोपे होते. शब्दरचना बहुतांशी गायगॅक्सची होती. परंतु भुयारात उतरणारे एक पात्र पुढच्या आठवड्यात तेच पात्र म्हणून परत यावे, ही कल्पना आर्नेसनच्या टेबलावर जन्मली होती, आणि टेबलावरचे बोलणे कोणी लिहून ठेवलेले नव्हते. कायद्याला छापील पान दिसते; या प्रकाराची निर्मिती मात्र पानाबाहेर होते. गायगॅक्सचे २००८ मध्ये आणि आर्नेसनचे २००९ मध्ये निधन झाले. श्रेय कोणाचे किती, हा वाद त्यांच्यामागे राहिला.

तथापि या दोघांत श्रेय वाटून प्रश्न संपत नाही, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. वेसलीच्या गावात परस्परांना द्वंद्वाचे आव्हान देणारे ते दोन खेळाडूही या प्रकाराचे कर्ते आहेत. त्यांनी नियमात नसलेली गोष्ट मागितली, आणि पंचाने नाही म्हटले नाही. भूमिकाखेळाचे मर्म या मागण्यात आणि होकारात आहे. नियम रचणारा या होकाराला आकार देतो, सूत्रधार तो राखतो, फासा त्याला जोखीम देतो आणि खेळाडू त्याला अर्थ देतो. यांपैकी एकाने सर्व अधिकार आपल्याकडे घेतला की कथा उरते, पण खेळ संपतो.

कथा ही कोणा एकाची निर्मिती असते आणि इतरांनी ती ग्रहण करावयाची असते, ही छापील ग्रंथाच्या काळाने दृढ केलेली धारणा आहे. भूमिकाखेळ तिला आव्हान देतो ते सिद्धान्ताने नव्हे, तर चार माणसांना एका टेबलाभोवती बसवून. त्यांनी रचलेली कथा सकाळपर्यंत उरत नाही. उरतो तो एक चुरगळलेला कागद, त्यावरचे खोडलेले आकडे, आणि ‘त्या रात्री तू जोडे काढून दिले नसतेस तर?’ हा प्रश्न. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या कागदाकडे संहिता म्हणून पाहिले तर त्याला तीत वाचण्यासारखे फार थोडे सापडेल. साक्ष म्हणून पाहिले तर पुष्कळ सापडेल.